चाबी पांढुर्ण्याची, पासवर्ड सौंसरचा

पासवर्ड टाकायची वेळ आली की मॅडम खुर्चीवरून उठायच्या, मला बसायला लावायच्या आणि स्वतः भिंतीकडे तोंड करून उभ्या राहायच्या. नुसती मान वळवली असती तरी चाललं असतं. पण नाही. भिंतीला नाक लागेल इतक्या जवळ जाऊन, हाताची घडी घालून उभ्या. एखाद्याने दारातून डोकावलं असतं तर त्याला वाटलं असतं, या वयात बाईंना कोणी शिक्षा केली?

"मॅडम, तुमच्यापासून काय लपवाचं?" मी म्हणायचो.

"माझ्यापासूनच लपवाचं आहे, भाऊ. बाकीच्याईले तर या खोलीत काय आहे तेही माहीत नाही."

हे मात्र खरं होतं. मी सौंसरला संत्रा बागाईतदारांच्या समितीत मॅनेजर आहे. शेतकऱ्याचा माल शेडमध्ये येतो, लहानमोठ्या फळांची छाटणी होते, वजन होतं, भाव लागतो आणि हे सगळं समितीच्या साइटवर चढतं. मग तो शेतकरी घरी खाटेवर बसून फोनवर पाहतो, आपल्या संत्र्याचं काय झालं ते. ही साइट ज्या मशीनवर चालते ते मशीन आमच्या शेडला लागूनच्या खोलीत आहे. दुसऱ्याच्या मशीनवर ठेवा, स्वस्त पडेल, असं पुष्कळांनी सांगितलं. पण आमचे अध्यक्ष ऐकतील तर शपथ! "आपला माल, आपली खोली, आपलं मशीन," हे त्यांचं ठरलेलं. त्या मशीनपायी खोलीत एसी लावला. आख्ख्या समितीत एसी तेवढा एकच. उन्हाळ्यात अध्यक्ष दुपारी "मशीन पाहून येतो" म्हणून आत जायचे आणि डोळे चोळत बाहेर यायचे.

आता साइटच्या सर्टिफिकेटबद्दल, म्हणजे ही साइट खरी आहे या दाखल्याबद्दल सांगतो, नाहीतर मॅडम कोण ते तुम्हाला कळायचं नाही. साइट चालू असते तोवर त्याचा कोणाला पत्ता नसतो. पण त्याची मुदत संपली की फोनवर लाल अक्षरं येतात, ही जागा सुरक्षित नाही म्हणून. आमचे लोक वाघाला भीत नाहीत, पण लाल अक्षरांना भितात. लगेच फोन. "मॅनेजर, माहा माल कोठी गेला?" अरे भैताडा, माल शेडमध्येच आहे, तुझ्या डोळ्यांसमोर उतरवला! पण ऐकतो कोण? म्हणून मुदत संपायच्या आत नवीन सर्टिफिकेट मशीनवर चढवावं लागतं. आणि ते एकटं चढवून भागत नाही.

"सर्टिफिकेट सगळ्या जगाले दाखवाचं असते," मॅडमनी मला पहिल्यांदा समजावलं होतं. "त्याच्या जोडीची एक चाबी असते. ती कोणालेच नाही दाखवाची. दोघं सोबत आले तरच मशीन मानते. नुसतं सर्टिफिकेट टाकलं तर ते तिथं बसून राहते, काम काही करत नाही."

"आमच्या शेडमध्येही आहेत असे एकदोन," मी म्हणालो. मॅडम खूप हसल्या. त्या हसल्या की त्यांचा चष्मा नाकावर घसरायचा आणि त्या तो तसाच राहू द्यायच्या.

मॅडम पांढुर्ण्याच्या. वडील तिगाव स्टेशनवर नोकरीला होते, त्यांनी पांढुर्ण्यात घर बांधलं. आई लवकर गेली. धाकटा भाऊ शिकून नागपूरला लागला. वडिलांचं दुखणं मॅडमच्या वाट्याला आलं आणि लग्न त्या दुखण्यात राहून गेलं. घराच्या पुढच्या खोलीत त्यांनी कॉम्प्युटरचा क्लास काढला होता. एके काळी पांढुर्ण्यातली निम्मी पोरं तिथून टायपिंग शिकून गेली. मग सगळ्यांच्या हातात फोन आले, क्लास बसला आणि वडीलही गेले. आमच्या समितीची साइट त्यांनीच उभी केली होती, म्हणून सर्टिफिकेटचं काम त्यांच्याकडे राहिलं.

पहिल्या खेपेला त्यांनी एक साधी गोष्ट केली. सर्टिफिकेट आणि चाबी एका फाइलमध्ये बांधली, फाइलला पासवर्डचं कुलूप घातलं, मशीनवर चढवली आणि फाइल नि पासवर्ड दोन्ही अध्यक्षांच्या हवाली केलं. समितीची वस्तू समितीपाशी राहावी, हा विचार.

आता आमच्याकडची रीत तुम्हाला माहीतच आहे. देवळाची दानपेटीसुद्धा पंचांसमोर उघडतात. एकट्याच्या हाती काही असलं की लोक नावं ठेवतात. अध्यक्ष जुने माणूस. त्यांनी विचार केला, उद्या कोणी म्हणायला नको की अध्यक्षांनी चाबी दाबून ठेवली. त्यांनी नातवाला बसवलं आणि ती फाइल, खाली पासवर्ड, त्याखाली गुलाबाचं फूल आणि हात जोडलेले, असं सगळं समितीच्या सभासदांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकून दिलं. "समितीची चाबी आहे. सर्वांनी जपून ठेवावी." लोकांनी खाली अंगठे टाकले. एकाने तर सासरच्या ग्रुपवरही पाठवली, तिकडच्या लोकांनाही कळावं आमची समिती कशी कारभार करते!

मला वाटलं, चांगलंच झालं. मी मॅडमना फोन करून कौतुकाने सांगितलं. त्यांनी ग्रुपमध्ये किती जण आहेत ते विचारलं. मग म्हणाल्या, "भाऊ, मी निघाली." मिळेल ती बस पकडून आल्या, अध्यक्षांसमोर बसल्या, पाणी प्यायल्या आणि म्हणाल्या, "काकाजी, ही चाबी मेली. आता हिची तेरवी करा."

अध्यक्ष भडकले. "म्हणजे आमचे सभासद चोर आहेत काय?"

"नाही जी. चोर एखादाच असते. पण चाबी सगळ्याईपाशी असली तर तो एखादा कोण, ते कधीच कळत नाही. मंग तुम्ही सगळ्याईवर शक करून राहान."

हे अध्यक्षांना पटलं. जुनी चाबी रद्द झाली, नवीन तयार झाली, आणि मॅडमनी रीतीतूनच तोड काढली. पंचांसमोर पेटी उघडतात ना, मग इथे पंच दोन. फाइल मॅडमपाशी राहील, पासवर्ड मॅनेजरपाशी. मॅनेजरने तो लिहायचा नाही, कोणाला सांगायचा नाही, मॅडमनासुद्धा नाही. एकाला दुसऱ्याशिवाय काही करता येऊ नये.

म्हणजे झालं काय, की दर वर्षी आधी मी पांढुर्ण्याला जायचो. मॅडम त्यांच्या घरी फाइल तयार करायच्या, मी त्यांच्या कॉम्प्युटरवर पासवर्ड घालायचो आणि त्या भिंतीकडे तोंड करून उभ्या राहायच्या. मग त्या फाइल घेऊन सौंसरला यायच्या आणि इथे पुन्हा तेच. फाइलचा पेनड्राइव्ह त्या काळ्या दोऱ्यात घालून गळ्यात बांधायच्या. बसमध्ये एका बाईने विचारलं, "कोणत्या देवाचा आहे जी?" मॅडम म्हणाल्या, "संत्र्याच्या." बाईने हात जोडले म्हणे.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पांढुर्ण्यात गोटमारीची, म्हणजे दगडफेकीची, जत्रा भरते. मॅडमचा फोन पोळ्याच्या आधीच यायचा. "भाऊ, यंदा कधी येता? गोटमार होऊन जाऊ द्या, मंग या. आधी रस्त्यानं गर्दीच राहते." काम असायचं चहाचा कप संपेपर्यंतचं. पण मॅडम सांभारवडी करून ठेवायच्या. ती काही झटपट होणारी वस्तू नाही. सांभार, म्हणजे कोथिंबीर, निवडायचा, धुवायचा, वाळवायचा, सारण परतायचं. एकटीने एवढा घाट घालून ठेवलेला असायचा, आणि मी खात असताना त्या समोर बसून पाहत राहायच्या.

"अजून एक घ्या."

"मॅडम, आता पोटात जागा नाही."

"मंग डब्यात देईन बांधून. इथं कोण खाणार आहे?"

पुढच्या खोलीत क्लासचे जुने कॉम्प्युटर तसेच ओळीने मांडलेले होते. प्रत्येकाच्या कीबोर्डवर हाताने शिवलेलं कापडाचं झाकण. कॉम्प्युटर चालत नव्हते, पण झाकणं धुतलेली असायची. मी एकदा म्हणालो, "हे भंगारात काऊन नाही देत?" त्या म्हणाल्या, "देईन ना. घाई काय आहे?" मी पुन्हा तो विषय काढला नाही.

मी तिथे असताना एकदा त्यांच्या भावाचा फोन आला. मॅडम स्वयंपाकघरात होत्या, फोन स्पीकरवर ठेवून पोळी लाटत होत्या.

"ताई, कायले एकटी पडून राहिली तिथं? घर विकून टाकू. चल ना इकडं."

"येईन रे. पण सौंसरचं काम आहे ना माझ्यापाशी."

"वर्षातून एकदाचं काम आहे ते."

"एकदाचं असलं म्हणून काय झालं? मी नसली तर सगळं ठप्प होईन तिथं. माझ्यावर भरोसा ठेवून आहेत लोक."

भाऊ वाईट नव्हता, हे मी सांगून ठेवतो. काळजीने बोलायचा. पण मॅडमना नागपूरला जायचं नव्हतं. आपल्या घरात, आपल्या गावात, आपल्या दाराला आपण कडी लावून राहायचं होतं. आणि भावापुढे ठेवायला त्यांच्याकडे एकच कारण होतं, आमचं सर्टिफिकेट. फोन ठेवून बाहेर आल्या तेव्हा मी ताटाकडे पाहत बसलो होतो. त्या म्हणाल्या, "ऐकलं ना तुम्ही?" मी म्हणालो, "हो." "खरंच आहे ना, ठप्प होईन ना?" "म्हणजे काय! बोंबच होईन," मी म्हणालो. त्यांनी मला आणखी एक पोळी वाढली.

सौंसरला त्या आल्या की त्यांचा दिवस मोठा असायचा. फाइल चढवताना मशीन विचारतं, ही चाबी पुढे कधी बाहेर काढता यावी का? तिथे मॅडम दर वेळी 'नाही' करायच्या आणि मोठ्याने म्हणायच्या, "आता इथून नाही निघायची." मग साइट बंद करून चालू करायची, माझ्या फोनवर पाहायची, अध्यक्षांच्या फोनवर पाहायची. ते झालं की काम संपलं. पण मॅडम शेडमध्ये जायच्या. छाटणीवाल्या बायांच्या फोनवरही साइट उघडून पाहायच्या. त्या बायांना साइटशी काय करायचं? पण त्या हौसेने फोन पुढे करायच्या. "मॅडम, माहाही पाहा!" मग मॅडम त्यांच्याजवळ पोत्यावर बसून जेवायच्या, कोणाची सून बाळंत झाली ते विचारायच्या, वाटलं तर हातात दोनचार संत्री घेऊन छाटायलाही बसायच्या. शेवटची बस असेपर्यंत त्यांचं काही ना काही तपासून व्हायचं राहिलेलंच असायचं. मी बसस्टँडवर सोडायला जायचो. बस हलली की त्या खिडकीतून ओरडायच्या, "पासवर्ड विसरू नका!" तो तर आता पुढच्या वर्षी बदलणारच असायचा, पण मी मान हलवायचो.

मग एका वर्षी त्यांचा फोन अवेळी आला. आवाजात अशी खुशी की मला वाटलं, बाईंचं लग्न ठरलं की काय.

"भाऊ, बातमी ऐकली काय? आता सर्टिफिकेट वर्षाचं नाही राहणार. मुदत कमी करून राहिले. आता वर्षातून दोनदा करावं लागन. पुढं तर अजून कमी होणार आहे म्हणते, महिन्या-दीड महिन्यावर येईन."

"अरे बाप्पा! म्हणजे परेशानीच."

"परेशानी कायची? मी येत जाईन ना!"

भावाला त्यांनी लगेच कळवलं म्हणे, आता तर काम वाढलं, आता काही जमायचं नाही. त्या वर्षी खरंच दोनदा झालं. दुसऱ्या खेपेला मी थंडीत पांढुर्ण्याला गेलो. मॅडमनी नवीन स्वेटर घातला होता आणि पुढच्या खोलीला रंग दिला होता. मला फार बरं वाटलं.

पण हीच गोष्ट समितीच्या बैठकीत उलटी निघाली. ऐन बहारात मॅनेजर उठून पांढुर्ण्याला जातो, मॅडमना तिकडून यावं लागतं, आणि उद्या हे महिन्या-दीड महिन्याला करायचं? एका संचालकाचा जावई इंदूरला याच कामात. तो म्हणे की हे आपोआप होतं, माणूस लागतच नाही. अध्यक्ष म्हणाले, "जावयाचं जावई जाणे. आपण मॅडमले बोलावू. त्या सांगतील तसं करू." आता पाहा, सगळं मॅडमच्या एका शब्दावर येऊन थांबलं. आमच्यापैकी कोणालाही त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. त्या नाही म्हणाल्या असत्या तर विषय तिथेच मिटला असता.

बैठकीच्या दिवशी मी त्यांना फाटकाशी गाठलं. "मॅडम, नाही म्हणून द्या. आमच्या मशीनवर नाही जमत म्हणा. कोणाच्या बापाले कळते?"

त्यांनी चष्मा वर सारला. "भाऊ, इतक्या वर्षांत मी एकदा तरी भिंतीपासून वळून पाहिलं काय?"

"नाही."

"मंग?"

मला त्यांचा राग आला. खरं सांगतो, भयंकर राग आला. म्हटलं, इतकंही सरळ असू नये माणसाने.

बैठकीत अध्यक्षांनी विचारलं. मॅडमनी ओढणी सारखी केली आणि म्हणाल्या, "होते. एक लहानसा प्रोग्राम टाकावा लागते. मुदत संपत आली की तो आपल्या आपून नवीन चाबी करते, नवीन सर्टिफिकेट आणते, चढवते." मग कोणी विचारलेलं नसताना म्हणाल्या, "अन खरं विचारान तर तेच जास्त चांगलं आहे. चाबी मशीनमध्येच तयार होते, मशीनमध्येच राहते. चाबी बसमध्ये फिरलीच नाही पाहिजे."

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. बोला!

तो प्रोग्राम त्यांनीच टाकला. मी त्यांच्या शेजारच्या खुर्चीवर बसून होतो. त्या दिवशी पासवर्ड नव्हता, त्यामुळे मला उठायचं कारण नव्हतं आणि त्यांनाही. एकदा चालवून पाहिलं, झालं. पुन्हा चालवून पाहिलं, पुन्हा झालं. जुनी चाबी पुसून टाकली. छाटणीवाल्या बाया दाराशी गोळा झाल्या होत्या. एकीने विचारलं, "मॅडम, आता कधी येसान?" मॅडम म्हणाल्या, "बिघडलं की येईन." मग माझ्याकडे वळून हळूच, "नाही बिघडणार, भाऊ. चांगलं टाकलं आहे मी."

त्यानंतर भावापुढे ठेवायला त्यांच्याकडे काही उरलं नाही. मी म्हणालो होतो त्यांना, सांगा ना खोटंच, आहे म्हणा काम. पण फाटकाशी जे झालं तेच पुन्हा झालं. घर एका मास्तरांनी घेतलं. सामान न्यायला भावाने गाडी आणली त्या दिवशी मी पांढुर्ण्याला गेलो होतो. क्लासचे कॉम्प्युटर भंगारवाला घेऊन गेला होता. मॅडमनी कीबोर्डची झाकणं मात्र घडी करून पेटीत ठेवली. भावाची बायको म्हणाली, "ताई, हे कायले?" मॅडम म्हणाल्या, "राहू दे ना, जागा किती लागते?" मला चहा विचारायचा राहिला, हे त्यांच्या लक्षात आलं तेव्हा गॅस गाडीत चढला होता. त्या खूप ओशाळल्या. मीच म्हणालो, आता नागपूरला येऊन पिईन. अजून गेलेलो नाही.

प्रोग्रामने पहिल्यांदा आपल्या आपण काम केलं तो दिवस मला ठाऊक होता. मॅडमनीच जाताना सांगून ठेवला होता. सकाळी शेडवर आलो तर शेतकरी नेहमीसारखे क्रेट उतरवत होते. साइट उघडली, चालू. लाल अक्षरं नाहीत. सर्टिफिकेटवर नवीन तारीख. मी आजूबाजूला पाहिलं, कोणाला सांगावं? अध्यक्षांना म्हणालो, "झालं बरं का सर्टिफिकेट." ते म्हणाले, "कायचं?" मग मी मॅडमना फोन लावला. पहिल्याच घंटीला उचलला.

"मॅडम, बदललं आपोआप."

"मी पाहिलं. पाहाटेच बदललं. मी इथून साइट उघडून पाहून राहिली होती." त्यांच्या मागे टीव्ही चालला होता, कुकरची शिट्टी होत होती. "सगळं बरोबर आहे. चाबी नवीन आहे. सर्टिफिकेट तिच्याच जोडीचं आहे. शेतकऱ्याईचे फोन आले काय?"

"एकही नाही."

"चांगलं आहे." मग त्यांनी टीव्हीचा आवाज कमी केला. "भाऊ, ते झालं तवा तिथं कोण होतं?"

"कोणीच नव्हतं, मॅडम. खोलीले कुलूप होतं."

"कोणीच नाही?"

"कोणीच नाही."

"हो. तसंच पाहिजे," त्या म्हणाल्या.

पलीकडून कोणीतरी हाक मारली, "ताई, कुकर बंद करा ना." मॅडम "आली" म्हणाल्या. पण त्यांनी फोन ठेवला नाही. मीही ठेवला नाही. शिट्ट्या होत राहिल्या.